एच अक्षराचा फर्मा

“हे वाक्य कुणी घातलं?” मधल्यानं पान टेबलावर आपटलं आणि दादाच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

मधला छापखान्यातून तसाच उठून आला होता. बोटांना शाई, शर्टाचं एक बटण उघडं. एरवी चपला जोडीनं भिंतीला लावून ठेवणारा माणूस, पण आज एक चप्पल दारात होती आणि दुसरी जिन्यापाशी.

“हळू बोल,” दादा म्हणाला. “आई आत वाचतेय.”

“म्हणूनच विचारतोय. कुठवर आलीय ती?”

“जी अक्षर संपत आलंय.”

“मेलो,” असं म्हणून मधला खुर्चीत बसला.

पुढच्या खोलीतलं ते लांब टेबल म्हणजे बाबांचा संसार. बाबा गेले, पण त्यांच्या शब्दकोशाची नवी आवृत्ती अजून त्याच टेबलावर तयार होत होती. थोरला मुलगा संपादक, बाबांची बहीण, म्हणजे आत्या, नोंदी लिहिणार, मधला मुलगा छापणार, आणि छापायच्या आधी शेवटचं वाचन बायकोचं. इंग्रजी शब्द, आपल्या भाषेत अर्थ आणि खाली एक उदाहरण. त्या उदाहरणाबद्दल बाबांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी अर्धं गणगोत दुखावलं होतं. वाक्य मनानं रचायचं नाही. ते या घरात कुणीतरी खरोखर बोललेलं असलं पाहिजे. म्हणून कंजूषपणाच्या नोंदीखाली मामांचं वाक्य होतं, घोरण्याच्या नोंदीखाली आईचं (‘मी? मी तर जागीच होते!’), आणि या घरी एकदा जेवून गेलेले पाहुणे दुसऱ्यांदा आले की बेतानं बोलत.

नियम पाळला जातो की नाही ते आई बघायची. आतल्या खोलीत पान वाचताना ती प्रत्येक उदाहरण मोठ्यानं वाचायची आणि विचारायची, “कोण बोललं?” ज्याचं वाक्य असेल त्यानं जिथं असेल तिथून ‘मी’ म्हणून ओ द्यायची. ओ आली नाही की वाक्यावर लाल पेन्सिल फिरली म्हणून समजावं. तिनं सही केल्याशिवाय एकही पान मशीनवर चढत नसे.

दादानं चष्मा पुसला आणि मधल्यानं आणलेलं पान वाचलं. “हॅझर्ड. क्रियापद. चूक ठरण्याची जोखीम पत्करून अंदाज बोलून दाखवणे. ‘मी सांगते, तो परत यायला गेलेलाच नाही.’” त्यानं मान डोलावली. “झकास नोंद आहे. जुन्या आवृत्तीत नुसतं नाम होतं, धोका म्हणून. क्रियापद राहूनच गेलं होतं. आणि वाक्य तर...”

मग तो थांबला. “तो म्हणजे कोण?”

या घरात नुसतं ‘तो’ म्हटलं की एकाच माणसाबद्दल बोलणं चाललेलं असायचं.

धाकटा भाऊ एका सकाळी पंख्याचा कपॅसिटर आणतो म्हणून बाहेर पडला, तो परत आला नाही. सायकल बसस्टँडवर सापडली, कुलूप लावलेली. पोलीस झाले, इस्पितळं झाली, नदीत गळ टाकून झाले. त्यानंतर वर्षं लोटली, पंखा बदलला, आणि आईनं एकच वाक्य धरून ठेवलं, “येईल तो.” त्यापुढं कुणी काही बोलत नसे. बुडाला असेल असं दादाला वाटत होतं. मधल्याला काय वाटत होतं ते मधला स्वतःलाही विचारत नव्हता. आणि धाकटी, म्हणजे त्याची बायको, ती तर तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

“‘सांगते’ लिहिलंय,” मधला म्हणाला. “बाई बोललीय. घरात बाया किती? आई हे बोलणार नाही. तुझी बायको माहेरी आहे, माझी बोलली असती तर मला आधी कळलं असतं. उरल्या दोन.”

“मी बोललेले नाही,” आत्या दारातून म्हणाली. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन ती आली होती. “मी फक्त ऐकलं.”

*

आत्यानं कपडे खुर्चीवर टाकले. दोन्ही पुतण्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला लहानपणी भावाची शाईची दौत सांडल्याचं आठवलं.

त्या एका शब्दासाठी ती कित्येक महिने अडून बसली होती. वाक्यं रोज कानावर पडत, पण ती सगळी साध्या अंदाजाची. मग एकदा गच्चीवर धाकटी तिच्याशेजारी उभी राहून, कठड्याकडे बघत, ते वाक्य बोलली. आत्याच्या अंगावर काटा आला. आणि तिथंच, तिला आता लाज वाटत होती पण खरं होतं ते, तिच्या मनात पहिल्यांदा आलं की सापडलं!

“तुला कळत नव्हतं का, आई हे वाचणार म्हणून?” मधल्यानं विचारलं.

“कळत होतं. नोंद लिहिताना नाही कळलं.”

“वा!”

“वा काय? तुम्ही दुसरं आणून द्या ना वाक्य. मी लगेच बदलते.”

“पावसाचं घाल,” दादा म्हणाला. “‘मी सांगतो, आज पाऊस येत नाही.’ कालच बोललो होतो मी.”

“चुकलं असतं तर तुझं काय जाणार होतं? वाळत घातलेले पायजमे?”

“मॅचचं घाल,” मधला म्हणाला. “कोण जिंकणार ते मी आधी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर.”

“पैज लावली होतीस?”

“नाही.”

“मग ती नुसती बडबड. अरे, अंदाज मनात ठेवला तर तो फुकट असतो. तोंडातून बाहेर पडला, चार माणसांनी ऐकला आणि चुकला तर आपलं काहीतरी जाईल, अशी वेळ आली की मग हा शब्द वापरतात. मला सांगा, या घरात असं कोण कधी बोललंय? आपण सगळे मूग गिळून बसणारे.”

“तर मग शब्दच काढून टाकू,” मधला म्हणाला. “एक शब्द नसला तर कुणाचं अडत नाही.”

इथं दादा उसळला. आतापर्यंत तो मधल्याच्या बाजूनं होता. “शब्द काढायचा? बाबांच्या कोशातून? का, तर घरच्यांना झेपत नाही? उद्या मरण हा शब्दही काढ. कर्ज काढ. घटस्फोट काढ.”

“तुझं बरं आहे. तू आत जाऊन ते पान आईच्या हातात देणार आहेस का?”

दादानं चहाचा कप उचलला, आत विरघळलेलं बिस्किट बघितलं आणि कप खाली ठेवला.

“एचच्या पानांचा हा फर्मा आज दुपारी छपाईच्या प्लेटवर जायला पाहिजे,” मधला म्हणाला. “उद्यापासून मशीनवर शाळेची पुस्तकं आहेत. आई आज वाचणार, आजच सही करणार. मला एवढंच माहीत आहे की ती ‘येईल तो’ म्हणते म्हणून सकाळी उठते. ते वाक्य तिच्याकडून कुणी काढून घ्यायचं नाही. मी तरी घेऊ देणार नाही.”

मधला असं कधी बोलत नसे. आत्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आतून आवाज आला. “अरे, जी संपलं. एच आणलंय का कुणी?”

मग दादानं, बाबांच्या कोशातून शब्द काढू न देणाऱ्या दादानं, ते एक पान गठ्ठ्यातून उपसून चहाच्या ट्रेखाली सरकवलं आणि उरलेली प्रुफं घेऊन आत गेला. परत आला तेव्हा तो कुणाकडे बघत नव्हता.

*

धाकटी दुपारच्या सुट्टीत घरी आली. ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. आज सकाळपासून तिचं कामात लक्ष नव्हतं. एक ट्रकवाला शेवटच्या ओळीवर अडला होता. “बहुतेक एफ आहे,” तो म्हणाला, आणि ती जवळजवळ ओरडलीच, “बहुतेक नको! दिसत असेल तर सांगा.” माणूस बिचारा घाबरला.

तिच्या पर्समधला फोन तिला सारखा टोचत होता. जिच्या हाताखाली ती काम शिकली ती बाई दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान काढत होती आणि भागीदार म्हणून तिला बोलवत होती. राहायला वर खोली होती. ‘संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळव, मग मी दुसरी बघते.’ धाकटीनं मागं आईंना एकदा विचारलं होतं. आई म्हणाल्या होत्या, “तो आल्यावर बघू ना. तो आला आणि तू इथं नसलीस तर?” त्यावर काय बोलणार? बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

तिनं पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिला कळलं की बोलणं तिच्याबद्दल चाललं होतं. तिघंही एकदम आपापल्या कामाला लागल्यासारखे दिसले.

“काय झालं?”

“जेवून घे आधी,” आत्या म्हणाली.

“आत्या, काय झालं?”

मधल्यानं ट्रे उचलून पान तिच्यापुढं धरलं. ती उभ्या उभ्या वाचत गेली. आपलं वाक्य छापलेलं बघून तिला ते क्षणभर ओळखूच आलं नाही. मग ओळखू आलं.

“मी तुम्हाला सांगितलं होतं,” ती आत्याला म्हणाली. तिचा आवाज खाली होता आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. “तुम्हाला. कोशाला नाही.”

“चुकलं माझं.”

“किती हजार प्रती निघतात, भाऊजी? शाळेतली पोरं पाठ करणार का आता हे? मी या घरात कुणाला त्रास होऊ नये म्हणून एवढी वर्षं तोंड शिवून बसले, आणि तुम्हाला उदाहरण सापडलं!”

आत्यानं मान खाली घातली. दादा पुढं झाला. “हे बघ, आई विचारेल, कोण बोललं. तू ओ देऊ नकोस. ओ आली नाही की ती वाक्य खोडेल. नियमच आहे. विषय संपला.”

“संपला?”

“म्हणजे आजच्यापुरता.”

धाकटीला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. आजच्यापुरता! या घरात सगळं आजच्यापुरतं संपत आलं होतं. गप्प राहिली तर वाक्य जाईल, आईंची सकाळ वाचेल, आणि संध्याकाळी तिनं फोनवर नाही म्हणायचं. बोलली तर एका म्हातारीचा आधार तिच्या हातानं निघेल. आईंनी तिला सून म्हणून कधी राबवलं नव्हतं. आजारपणात रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या होत्या. मधल्याच्या आधी तिलाच वाटत होतं, आईंकडून ‘येईल तो’ हे वाक्य काढून घेऊ नये.

“असं कशावरून म्हणालीस तू ते?” मधल्यानं हळूच विचारलं. “नुसतं वाटलं म्हणून?”

ती उत्तर देणार तोच आतली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

*

आईनं दारात येऊन सगळ्यांकडे बघितलं. हातात प्रुफांचा गठ्ठा, कानामागं लाल पेन्सिल, नाकावर धाकटीनं करून दिलेला नवा चष्मा.

“‘हॅट’नंतर एकदम ‘हीट’,” ती म्हणाली. “मध्ये ‘हॅव’सुद्धा नाही. इंग्रजांकडे काहीच नव्हतं की काय?”

कुणी हसलं नाही. आई शाळेत शिकवत होती तेव्हाही, वर्ग असा गप्प झाला की तिला कळायचं की काहीतरी लपवलंय.

“पान कुठाय?”

“प्रूफ खराब आलं होतं,” मधला म्हणाला. “दुसरं काढून आणतो.”

“धाकटीच्या हातात काय आहे मग?”

धाकटीनं पान दिलं. मधला ‘अगं’ म्हणाला, पण तोवर दिलं होतं.

आईनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. ‘हेट’ झालं, ‘हॅव’ झालं. ‘हॅव’खालचं वाक्य मधल्याचं होतं, कोण बोललं म्हटल्यावर त्यानं कसंबसं ‘मी’ म्हटलं. मग ती ‘हॅझर्ड’च्या नोंदीवर आली. अर्थ तिनं सवयीनं मनात वाचला आणि वाक्य सवयीनं मोठ्यानं वाचलं.

“मी सांगते, तो परत यायला गेलेलाच नाही.”

वाचून झाल्यावर तिला आपण काय वाचलं ते कळलं. पान तिनं थोडं लांब धरलं, जणू अक्षर नीट दिसत नव्हतं. एवढी वर्षं तिनं ज्याला घरात शिरू दिलं नव्हतं ते वाक्य आज तिच्याच तोंडातून निघालं होतं.

“कोण बोललं?”

“मी,” आत्या म्हणाली.

“वन्सं, तुम्ही खोटं बोललात की तुमचा डावा कान लाल होतो. कोण बोललं?”

“मीच बोललो, आई,” मधला म्हणाला. “ते ‘सांगते’ छपाईची चूक आहे.”

आईनं त्याच्याकडे अशा मायेनं बघितलं की तो गप्प झाला. मग तिनं कानामागची पेन्सिल काढली. तिला वाटत होतं, आता कुणी बोलू नये. वाक्याला धनी नाही, खोडून टाकू, आणि ‘हीट’कडे वळू. पेन्सिल कागदाला टेकली.

“मी,” धाकटी म्हणाली. “मी बोलले, आई.”

पेन्सिल तिथंच राहिली.

“कशावरून?” आईनं विचारलं.

“तो गेला त्या दिवशी मी त्याचा खण उघडला. त्याचा दुसरा चष्मा नव्हता. जाड काचेचा, मीच करून दिलेला. पहिला तर डोळ्यांवर होताच.” “कपॅसिटर आणायला जाताना कुणी दोन चष्मे नेत नाही, आई. एक फुटला तर दुसरा लागेल, इतके दिवस राहायचं असेल तरच नेतात.”

ज्या भावाला दादा मनात कधीचा पाण्यात बुडवून बसला होता, तो दुसरा चष्मा खिशात घालून घरातून बाहेर पडताना त्याला दिसला.

“म्हणजे तो जिवंत आहे,” आई म्हणाली.

“आहे, असं मी म्हणते.”

“आणि येणार नाही.”

“येणार नाही, असंही मीच म्हणते.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मी चुकले असते तर? तुम्ही मला कधी माफ केलं असतं? आणि बरोबर असते, तरी तुम्ही मला घरात बघितलंत की तेच आठवलं असतं.”

“आणि उद्या तो आला तर?”

“तर मी चुकले,” धाकटी म्हणाली. “आणि तो मला इथं सापडणार नाही. मला ते दुकान हवंय, आई. मी आज हो म्हणणार आहे.”

आई खाली बसली. समोर पान ठेवून तिनं ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. आत्या हळूच म्हणाली, “वहिनी, तू म्हणशील तर मी आत्ता बदलते. पावसाचं वाक्य घालते.”

“पावसात कसली आलीय जोखीम?” आई म्हणाली. “अर्थाला हेच लागू पडतं.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि पेन मागितलं. मधल्यानं खिशातलं दिलं, पण सोडेना. “आई, राहू दे. नको करूस सही. मी मशीन थांबवतो, शाळेची पुस्तकं गेली खड्ड्यात.”

“सोड,” आई म्हणाली. “वाक्य घरात बोललं गेलंय, बोलणारी समोर उभी आहे. तपासणीचं माझं काम तेवढंच. मला पटलंय का, ते कुणी विचारलेलं नाही.”

“पटलंय का?” दादानं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “येईल तो.” आणि पानाच्या कोपऱ्यात तिनं सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

मधल्यानं पान घेतलं पण निघेना. आत्या रडत होती आणि रडणं लपवायला वाळलेले कपडे पुन्हा घडी करत होती. धाकटीला वाटलं, आईंच्या पायाशी बसावं, काहीतरी म्हणावं. पण आईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

“नवा पत्ता मला लिहून देऊन जा.”

“देते, आई.”

“आणि एक सांगून जा. मी म्हणते तसा तो आला आणि त्यानं विचारलं, ती कुठाय, तर त्याला देऊ का पत्ता?”

धाकटीनं आईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“नको,” ती म्हणाली.

“बरं,” आई म्हणाली. “नाही देणार.”